पाच तारीख

काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन मिस्त्रीच्या बाजूला वळवली आणि म्हणाली, “काका, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेताय. हे बघा तुमच्या मुलाचं खातं. अडुसष्ट हप्ते झाले, एकही चुकलेला नाही. एका दिवसाचा उशीर नाही. असं खातं मला महिन्यातून एखादं बघायला मिळतं.” स्क्रीनवर हिरव्या खुणांची लांबच लांब रांग होती आणि ती मुलगी त्या रांगेवरून कौतुकानं बोट फिरवत होती. “तुमच्या पगारावर दुसरं कर्ज बसत नाही, कारण मुलाच्या कर्जाला तुम्हीच सहअर्जदार आहात. मग बहिणीच्या कर्जाला भावालाच उभा करा ना. एव्हाना शिकून बाहेर पडला असेल. कुठे असतो नोकरीला?” आणि मिस्त्री म्हणाला, “लिफ्टच्या कंपनीत.”

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याचे त्यालाच ऐकू आले. तसं पाहिलं तर खोटं बोलणं हा मिस्त्रीचा स्वभाव नव्हे. सव्वीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेली. त्या धंद्यात खोटं बोलणारा फार दिवस टिकत नाही. दोर झिजला असेल तर झिजलाय म्हणावंच लागतं, मालकाचं तोंड वाकडं झालं तरी. पण ही मुलगी इतक्या सहज विचारत होती. गेल्या चार वर्षांत कुणी त्याला असं विचारलं नव्हतं. लोक त्याच्यासमोर आपापल्या मुलांविषयी बोलता बोलता एकदम गप्प व्हायचे, नाहीतर पाणी मागायचे. हिनं आपलं सरळ विचारलं, कुठे असतो. शेजारच्याची चौकशी करावी तसं. त्या चौकशीनं मिस्त्रीच्या छातीतलं काहीतरी ढिलं झालं आणि तोंड आपोआप उघडलं. बरं, उत्तरही काय दिलं, तर आपलाच धंदा. पोराला त्या धंद्याचं नाव काढलेलं खपायचं नाही. “बाबा, मी लिफ्टनं वर जाईन, लिफ्टच्या वर नाही बसणार,” असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

शेजारच्या खुर्चीत त्याची मुलगी बसली होती. मांडीवर प्लास्टिकची फाइल, हातात बटणाचं पेन. आल्यापासून ती त्या पेनाची टकटक करत होती. ती टकटक थांबली. मिस्त्रीला आवाजाची भीती कधीच वाटत नसे; लिफ्ट करकरते, घासते, कण्हते, त्यातलं प्रत्येक दुखणं त्याला तोंडपाठ. जो आवाज यायला हवा तो आला नाही की मात्र तो हातातलं काम टाकून उभा राहायचा. त्यानं मान वळवली नाही. काउंटरवरची मुलगी खुशीत होती. “तिसऱ्या वर्षाची फी त्यानं उचललीच नाही बघा. दोन वर्षांच्या कर्जावर भागवलं. स्कॉलरशिप मिळाली असणार. हुशार दिसतो.” “हो,” मिस्त्री म्हणाला. “हुशार.” “मग प्रश्नच मिटला. दुपारी चार वाजता त्याच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर पाठवते. तो मला फोनवर कळवायचा, म्हणजे त्याची संमती झाली. पगाराची स्लिप उद्या दिलीत तरी चालेल. शुक्रवारच्या आत फी कॉलेजात पोचते की नाही बघा.” तिनं त्या खात्याचा उतारा छापला, दोन पानं, आणि मिस्त्रीच्या मुलीच्या हातात दिला. मुलीनं तो घडी न घालता फाइलवर ठेवला आणि म्हणाली, “थँक यू.” आवाज अगदी नेहमीचा.

शुक्रवार दुपारी बारापर्यंत फी भरली नाही तर फिजिओथेरपीच्या कॉलेजातली जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. आज मंगळवार. सरकारी बँकेनं तारण मागून हात वर केले होते. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसानं तारण आणावं कुठून? उरली ही खासगी कंपनी. मिस्त्रीनं ह्या कंपनीचं नाव टाळायचा फार प्रयत्न केला होता. व्याज जास्त आहे म्हणाला, लोक चांगले नाहीत म्हणाला, आणखी कुठे विचारू म्हणाला. पण मुलीनं कॉलेजातूनच अर्ज भरून टाकला, सहअर्जदार म्हणून बापाचा नंबर दिला, आणि कंपनीच्या कॉम्प्युटरनं तो नंबर लगेच ओळखला. तेव्हापासून तीन दिवस मिस्त्रीचं जेवणात लक्ष नव्हतं. बायकोनं विचारलं, काय झालंय? तो म्हणाला, पित्त.

त्या ऑफिसची लिफ्ट त्याच्या कंपनीची नव्हती. सहाव्या मजल्यावरून खाली येताना ती तिसऱ्यापाशी हलकीच थरारली. रुळाला ग्रीस नाही, त्यानं मनात नोंद केली, आणि मग स्वतःचीच शरम वाटली, की अशा वेळीसुद्धा आपल्याला हेच सुचतं. मुलगी आरशाकडे पाठ करून दरवाजाकडे बघत उभी होती. तिच्या कपाळावर तिच्या भावासारखीच एक शीर होती, रागात निळी दिसायची. भावानं तिचं नाव मुंगी पाडलेलं, कारण लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची, उशा, बादल्या, एकदा तर मिस्त्रीची हत्यारांची पिशवी. तेच नाव घरात रुळलं. खाली फुटपाथवर आल्यावर मुंगी थांबली आणि म्हणाली, “दादाचा फोन कुठे आहे?”

फोन हॉस्पिटलात हरवला, असं घरात ठरलेलं होतं. मिस्त्रीनंच तसं सांगितलं होतं आणि बायको म्हणाली होती, जाऊ दे, आता त्या फोनच्या मागे कुठे लागता. विषय तिथेच संपला. आता मुंगीनं विचारलं तेव्हा मिस्त्रीच्या तोंडाशी दुसरं खोटं आलं, तयार, पहिल्याच्या पाठोपाठ; पण तिनं त्याच्याकडे असं बघितलं की ते गिळावं लागलं. “कामावर आहे,” तो म्हणाला. “मशीन रूममध्ये.” “मग चला,” मुंगी म्हणाली.

बसमध्ये दोघांना वेगवेगळ्या रांगेत जागा मिळाली. मिस्त्री तिच्या मागे होता. तिच्या वेणीकडे बघत बसला. ह्याच कंपनीच्या जुन्या ऑफिसात पोराच्या सह्या झाल्या होत्या, त्या दिवशीही ते असेच बसनं परत आले होते, पण एका बाकावर, आणि पोरगं सगळा वेळ बोलत होतं. खासगी कर्जात पहिल्याच महिन्यापासून व्याजाचा हप्ता भरावा लागतो, म्हणून त्यानं आधीच झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळचं काम धरलं होतं. “तो हप्ता माझा,” म्हणाला, “तुम्ही हात लावायचा नाही. शिक्षण संपून पूर्ण हप्ता सुरू होईल तोवर मला नोकरी लागलेली असेल.” आणि खरंच दर पाच तारखेला भरायचा. बोटांना काळी शाई, कपड्यांना गरम कागदाचा वास. पैसे भरले की लगेच फोनवर मेसेज यायचा आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. “प्रिय,” आणि मग त्याचं पूर्ण नाव: आधी त्याचं, मग मिस्त्रीचं, मग आडनाव. “आपला हप्ता मिळाला. धन्यवाद.” वाचून झाल्यावर बापाकडे बघून म्हणायचा, “बघा, मोठे लोक मला धन्यवाद म्हणतात.” मिस्त्री वरवर हुं करायचा. पण आपल्या पोराच्या नावाच्या मधोमध आपलं नाव बसलेलं ऐकून त्याला दर महिन्याला बरं वाटायचं, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

असे एकोणीस हप्ते झाले. मग साधा ताप म्हणून हॉस्पिटलात नेलेला. सातव्या दिवशी डॉक्टरांची भाषा बदलली. आठव्या दिवशी पोरानं नळ्या लावलेल्या हातानं फोन पुढे केला आणि म्हणाला, “बाबा, आज पाच तारीख. हप्ता भरा हां. चुकला तर माझं रेकॉर्ड खराब होईल.” मिस्त्रीला रागच आला. हे काय बोलायचं झालं ह्या वेळी? पण पोरगं बघत राहिलं, म्हणून तो व्हरांड्यात गेला आणि जाड्या बोटांनी, दोनदा चुकून, हप्ता भरला. मेसेज आला. परत येऊन त्यानं पोराच्या कानाशी तो वाचून दाखवला, पूर्ण नावासकट. पोरानं डोळे मिटून मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. पोरानं बापाकडे मागितलेली शेवटची गोष्ट ती, आणि बापाला करता आलेलीही तेवढीच.

मग सगळीकडून त्याचं नाव कमी करायला सुरुवात झाली. कॉलेजातून, बसच्या पासातून, रेशनच्या कागदातून, झेरॉक्सच्या दुकानातल्या हजेरीतून. मिस्त्री सह्या करत फिरला. प्रत्येक ठिकाणी तोच एक शब्द स्वतःच्या अक्षरात लिहायचा आणि खाली सही ठोकायची. पंधरा दिवसांत सगळं उरकलं. लोक म्हणाले, मिस्त्री खंबीर आहे. आणि मग पुढच्या महिन्यात चार तारखेला पिशवीच्या तळाशी तो फोन थरथरला. प्रिय, आणि पूर्ण नाव, उद्या आपला हप्ता आहे. मिस्त्री तेव्हा एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीन रूममध्ये, मोटरचा ब्रेक तपासत होता. तो खाली बसला. ह्या एका जागी अजून कुणाला काही कळलेलं नव्हतं. इथे अजून पोरगं हजर होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं हप्ता भरला, आणि धन्यवादाचा मेसेज आला तेव्हा तो मोठ्यानं वाचला, मोटर बंद होती म्हणून आवाज त्या खोलीत चांगला घुमला. तेव्हापासून फोन तिथेच राहिला, लोखंडी कपाटात, ग्रीसच्या डब्यामागे, चार्जर लावून. त्या इमारतीची महिन्याची सर्व्हिस त्यानं पाच तारखेला लावून घेतली. आपण काही फार मोठं करतोय असं त्याला वाटत नव्हतं. उद्या कळवू, असंच तो दर महिन्याला म्हणायचा.

इमारतीच्या वॉचमननं दोघांना बघून हात वर केला. “काय मिस्त्री, आज पाच तारीख नाही, काही नाही? आणि ही कोण, नवीन इन्स्पेक्टर की काय?” “मुलगी,” मिस्त्री म्हणाला. वॉचमन हसला, मुंगी हसली नाही. अकराव्यापर्यंत लिफ्ट, पुढे लोखंडी जिना. मशीन रूममध्ये तेलाचा आणि गरम तांब्याचा वास होता. मोटर अधूनमधून चालू होऊन थांबत होती, खाली कुणीतरी कुठेतरी जात होतं. मिस्त्रीनं कपाट उघडलं, ग्रीसचा डबा सरकवला आणि फोन काढून मुंगीच्या हातात दिला. काचेला कोपऱ्यात तीच जुनी चीर होती. ती तिच्याच हातून पडलेली, आणि भावानं ती आठ दिवस ऐकवलेली. तिनं चिरेवरून अंगठा फिरवला.

“चार वर्षं?” तिनं विचारलं. “हो.” “आईला?” “नाही.” पावणेचार झाले होते. मुंगी उलट्या ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर बसली, फाइलवरचा उतारा काढला आणि वाचू लागली. ती कामाला होती त्या औषधाच्या दुकानात चिठ्ठ्या वाचायची सवय लागलेली, तसा एकेक ओळ बोट ठेवून. मिस्त्री उभाच राहिला. शाळेत निकाल बघायला गेलेल्या पोरासारखं त्याला वाटत होतं, ह्या वयात. “पूर्ण हप्ता इथून सुरू झाला,” ती म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी. आधीच्या तिप्पट.” “हो.” “त्याच महिन्यात माझा बारावीचा निकाल लागला. तुम्ही म्हणालात, मुंगे, एक वर्ष थांब, हात आखडलाय. मी थांबले. दुसऱ्या वर्षी मी विचारलंसुद्धा नाही. दोन वर्षं मी औषधाच्या दुकानात उभं राहून लोकांना खोकल्याच्या बाटल्या दिल्या. माझ्याबरोबरच्या मुली गिऱ्हाईक म्हणून यायच्या, पांढरे कोट घालून. मला वाटायचं, बाबांना खरंच जमत नाहीये.” “जमत नव्हतं,” मिस्त्री म्हणाला, आणि हे खरं असूनही किती वाईट वाटतं ते त्याचं त्याला कळलं. त्यानं त्या दोन वर्षांत सुट्टीच्या दिवशी कामं घेतली होती, चहा सोडला होता, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधली होती. हे सगळं त्याला पोरासाठी केल्यासारखं वाटत आलं होतं, आणि त्यात एक प्रकारचं समाधानही होतं. मुंगी सकाळी डबा घेऊन दुकानात जायला निघायची तेव्हा ती त्याला दिसायची, पण त्या हिशेबात ती कधी आलीच नव्हती.

बरोबर चार वाजता फोन थरथरला. दोघं एकदमच दचकले. प्रिय, आणि पूर्ण नाव, बहिणीच्या शिक्षणकर्जासाठी सहअर्जदार होण्यास आपली संमती असल्यास पुढील क्रमांक कळवावा. खाली सहा आकडे आणि काउंटरवरच्या मुलीचा नंबर. मुंगीनं फोन बापापुढे धरला. “आला. कळवा.” मिस्त्री उघड्या कपाटाचं दार लावू लागला. “कळवा ना. सहाच तर आकडे आहेत. नोकरी तुम्ही लावलीच आहे त्याला. आता पगाराची स्लिपही आणा कुठूनतरी.” तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याला ते जास्त लागलं.

त्यानं फोन घेतला. आकडे त्याला दिसत होते आणि त्याच्या मनात जे आलं ते इतकं गोड होतं की त्याची त्यालाच भीती वाटली. भाऊ बहिणीच्या पाठीशी उभा राहतोय, ह्यात वाईट ते काय? तो असता तर धावत आला असता. हे कर्ज पंधरा वर्षांचं. म्हणजे आणखी पंधरा वर्षं तो फोन वाजेल, पंधरा वर्षं ते नाव येईल, तोवर मिस्त्रीचंच काय व्हायचं ते होऊन जाईल. स्लिपचं बघता येईल, कंपनीतल्या कारकुनाची ओळख आहे. नुसते सहा आकडे. त्याचा अंगठा काउंटरवरच्या मुलीच्या नंबरापर्यंत गेलाही. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ह्या सगळ्या विचारात मुंगीची फी कुठेच नव्हती. समोर डब्यावर बसलेली, शुक्रवारची वाट बघणारी, जिवंत पोरगी. तो पुन्हा मुलाचंच काहीतरी वाचवायला बघत होता. अंगठा तिथेच थबकला.

“आणि हे काय आहे?” मुंगीनं दुसरं पान वर केलं. “विमा: आहे. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उर्वरित रक्कम माफ.” खाली कुणीतरी बटण दाबलं असावं, मोटर सुरू झाली, मोठं चाक फिरलं, दोर सरसरत गेले. मिस्त्रीला तो कागद आठवला. पोरानं बोट दाखवलं होतं, इथे पण सही करा बाबा, विम्याचे अडीच हजार जास्त जातील. आणि तो कुरकुरला होता, धडधाकट पोराचा कसला आलाय विमा. “तुम्हाला माहीत होतं?” मुंगीनं विचारलं. “तो कागद घरी कपाटात आहे. मी उघडला नाही कधी.” “उघडला का ते नाही विचारत. माहीत होतं का?” मिस्त्रीनं खिशातून फडकं काढून हात पुसले. हात स्वच्छ होते. “होतं,” तो म्हणाला.

हे त्यानं आजवर स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. एक कागद नेऊन दिला असता तर पहिल्या महिन्यातच सगळं मिटलं असतं. तो एक शब्द आणखी एकदा लिहायचा, बस्स. तो लिहिला नाही आणि त्याची किंमत ह्या पोरीनं भरली, दुकानात उभं राहून, पायांना सूज येईपर्यंत. मुंगी रडायला लागली. मोठ्यानं नाही, तोंड घट्ट मिटून, फाइल पोटाशी धरून. रडताना ती लहानपणापासून अशीच दिसायची, काहीतरी जड ओढत असल्यासारखी. मिस्त्री तिच्याजवळ गेला पण हात कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. “मी पण होते ना बाबा घरात,” ती म्हणाली. मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवर बसला, तेलकट फरशीवर, आणि म्हणाला, “होतीस.”

साडेचारला काउंटरवरच्या मुलीचा फोन आला, मिस्त्रीच्या स्वतःच्या मोबाइलवर. “काका, नंबर नाही कळवला मुलानं? कामात आहे का?” मिस्त्री म्हणाला, “उद्या सकाळी आम्ही दोघं येतो. एक कागद आणतो.” “पगाराची स्लिप ना?” “नाही. येतो आम्ही.” मुंगीनं नाक पुसलं आणि फोनचा चार्जर भिंतीतून काढून गुंडाळला. “दाखला आई साड्यांच्या कपाटात ठेवते,” ती म्हणाली. “डाव्या बाजूला, खालून दुसऱ्या साडीत.”

घरी आल्यावर मिस्त्रीनं बायकोकडे दाखला मागितला. ती तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. कशाला, असं तिनं विचारलं नाही. उठली, कपाट उघडलं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला कागद काढून दिला आणि एवढंच म्हणाली, “दोन झेरॉक्स काढा. मूळ प्रत कुणाकडे ठेवून येऊ नका हं.” पुन्हा घड्या घालायला बसली. मिस्त्री तो कागद हातात घेऊन तिच्यासमोर थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं, उभ्यानंच, फोनपासून विम्यापर्यंत. ती ऐकत होती आणि एकाच टॉवेलाची घडी पुन्हा पुन्हा मोडून घालत होती. शेवटी म्हणाली, “मेसेजात पूर्ण नाव येतं?” तो म्हणाला, “येतं.” “मला एकदा दाखवायचात,” ती म्हणाली. तिच्यापासून लपवलं होतं त्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं होतं, ते आता वाटलं.

बुधवारी सकाळी काउंटरवरच्या मुलीनं दाखला वाचला, तारीख पुन्हा वाचली, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. “काका, मग हे अठ्ठेचाळीस हप्ते?” “मी भरले.” “काल तुम्ही म्हणालात...” “हो,” मिस्त्री म्हणाला, “ते चुकलं माझं.” ती बिचारी पंचविशीची पोरगी. तिनं खणातून एक फॉर्म काढला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “हा भरून द्या. शिल्लक रक्कम माफ होईल. मधे भरलेलं मात्र परत नाही मिळायचं.” “नको,” मिस्त्री म्हणाला. “आणि तुमचं नाव त्या कर्जातून मोकळं झालं की तुम्हीच मुलीला सहअर्जदार राहू शकता. मी आजच वर पाठवते. उद्या मंजूर व्हायला हरकत नाही.”

फॉर्म त्यानं भरत आणला. कर्जदाराचं नाव. कर्जदाराशी नातं. तारीख. तो शब्द लिहिला, त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर लिहून झाला. मग शेवटचा रकाना आला: कळवण्यास विलंब का झाला. खाली तीन कोऱ्या ओळी. मिस्त्रीचं पेन तिथे थांबलं. सव्वीस वर्षं तो इमारतींच्या नोंदवह्यांत लिहीत आला होता, ग्रीस केलं, ब्रेक बघितला, दोर ठीक, आणि कधी त्याला शब्द शोधावा लागला नव्हता. आता त्याला पाच तारीख आठवत होती, व्हरांडा, जाडी बोटं, कानाशी वाचलेला मेसेज, मिटलेले डोळे. आणि ह्यातलं तीन ओळींत काय घालायचं असतं? काउंटरवरची मुलगी दुसरीकडे बघू लागली. मुंगीनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, फॉर्म आपल्याकडे ओढला आणि औषधाच्या पाकिटावर लिहितात तशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं: वडिलांना सांगणं जमलं नाही. दोन ओळी कोऱ्याच राहिल्या.

ते बाहेर पडून जिन्यानं उतरत होते तेव्हा मिस्त्रीच्या खिशातला जुना फोन थरथरला. प्रिय, आणि पूर्ण नाव, आपले खाते बंद करण्यात येत आहे. आमच्याशी जोडले गेल्याबद्दल धन्यवाद. दोघांनी तो जिन्यातच वाचला, भिंतीला टेकून, लोकांना वाट देत. मोठ्यानं कुणीच वाचला नाही. संध्याकाळी मिस्त्रीनं तो बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून नाव वाचलं, फक्त नाव, आणि फोन पालथा ठेवला.

कर्ज गुरुवारी मंजूर झालं, शुक्रवारी अकराला फी भरली गेली. मुंगी कॉलेजला जाऊ लागली. संध्याकाळी मात्र दुकानात जायची, ते तिनं सोडलं नाही. मिस्त्रीशी बोलायची, पण मोजकं. डबा भरलाय, किल्ली ठेवलीय, उशीर होईल. तो समजून होता. मग पुढच्या महिन्याची पाच तारीख आली. मुंगीच्या व्याजाचा पहिला हप्ता. मिस्त्रीनं पैसे आठ दिवस आधीच बाजूला काढले होते. सकाळी तो अकरा मजली इमारतीत गेला, अकराव्यावरून लोखंडी जिना चढला, खाली ‘लिफ्ट बंद’ची पाटी लावून आलो ना ते एकदा आठवून पाहिलं, मेन स्विच बंद केला आणि डब्यावर बसला. हा हप्ता ह्याच जागी बसून भरायचा असं त्यानं ठरवलं होतं. चार वर्षं जे एकासाठी केलं ते आता दुसरीसाठी करू, एवढं तरी करू. कपाटात ग्रीसच्या डब्यामागची जागा रिकामी होती. त्यानं आपला मोबाइल काढला, चष्मा लावला आणि खातं उघडलं. तिथे मुंगीचं पूर्ण नाव होतं, आधी तिचं, मग त्याचं, मग आडनाव, आणि पुढे एक हिरवी खूण. पहिला हप्ता मिळाला.

त्यानं तिला फोन लावला. मागे पोरींचा गलका होता, कुणीतरी हसत होतं. “मुंगे, हप्ता...” “मी भरला बाबा. सकाळीच.” “अगं, मी काढून ठेवले होते.” “असू दे,” ती म्हणाली. मग गलका कमी झाला; ती जरा बाजूला जाऊन बोलत असावी, कारण तिचा आवाज जवळ आला. “बाबा, आता तुम्ही कुणाचा भरू नका.” रागानं नाही म्हणाली. रागानं म्हटलं असतं तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. “बरं,” मिस्त्री म्हणाला. तिला तासाला जायचं होतं. तिनं फोन ठेवला.

मोबाइल हातात धरून तो बसून राहिला. हप्ता भरायला लागणारी ती पाच मिनिटं त्याच्याजवळ उरली होती आणि त्यांचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं ओठ हलवून पाहिले, प्रिय म्हणाला, मग पोराचं नाव, मग आपलं, मग आडनाव, आणि पुढे काहीच नव्हतं. मोटर बंद होती. नाव त्या खोलीत जरा घुमलं आणि विरलं. खालून वॉचमनची हाक आली, अकरा मजले चढून आलेली, बारीक. “मिस्त्री, लोक खोळंबलेत. झालं का?” मिस्त्रीनं नोंदवही ओढली, तारीख घातली, ग्रीस केलं, ब्रेक बघितला, असं लिहिलं. खरं तर आज त्यानं ह्यातलं काहीच केलं नव्हतं. ते ध्यानात आल्यावर त्यानं ती ओळ खोडली, ग्रीसचा डबा उघडला आणि खाली ओरडून सांगितलं, “अजून नाही. वेळ लागेल.”